अकरा पानं आणि एक कात्री

टॅमरॅक जंक्शन या गावात पाहुण्याला विचारल्याशिवाय कोणी पाण्याचा पेलासुद्धा पुढे करत नाही. कॉफी घेणार का, असं तीनदा विचारतात. पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं, अशी रीत आहे. चर्चच्या तळघरात जेवणं उरकली की ताटात लिंबाची एक शेवटची वडी राहते. ती उचलायचं पाप कोणी करत नाही. सुरीनं तिचे दोन भाग होतात, मग चार, मग आठ, आणि शेवटी उरलेला कण ताट धुणारीच्या वाट्याला जातो. अशी ही भिडस्त, विचारून विचारून पाऊल टाकणारी माणसं. आणि याच गावच्या हॉस्पिटलात चार वर्षांपूर्वी आयलीला बाळंतपणात बाळाची वाट मोठी करायला कात्री लावली, तेव्हा ‘लावू का’ एवढंही कोणी विचारलं नव्हतं.

तिला ते कळलं टाके घालताना.

“काय करताय, डॉक्टर?” तिनं विचारलं होतं.

“थोडं शिवतोय, पोरी. नेहमीचंच,” डॉक्टर हॉगेन म्हणाले होते.

“पण कापलंत कधी? मला विचारलं नाहीत.”

डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, “अगं, तू सही केली आहेस की.”

आणि ते खरं होतं. आयलीला टाक्यांपेक्षा तेच जास्त टोचलं. कारण आयली ज्या ऑफिसात कामाला होती, तिथे घरांची खरेदीखतं होत. नवराबायको नव्या घराच्या किल्लीवर डोळा ठेवून यायची, समोर ऐंशी पानांचा गठ्ठा दिसला की पेन उपसायची. तेव्हा आयली कागदावर पालथा हात ठेवून म्हणायची, “आधी वाचा.” सोळा वर्षांत तिनं एकालाही न वाचता सही करू दिली नव्हती. एखादं कलम खोडलं तर त्या रेघेशेजारी दोन्ही बाजूंची आद्याक्षरं हवीत, नाहीतर ती रेघ म्हणजे नुसता ओरखडा, हा तिचा नियम. गावात तिच्या कडकपणाची थट्टा व्हायची आणि घर घ्यायची वेळ आली की लोक तिच्याकडेच यायचे. अशा बाईनं कळा सुरू असताना काउंटरवरच्या काचेच्या पाटीवर सही ठोकली होती. कशावर, ते पाहिलंही नव्हतं. पुढचे सहा आठवडे ती उशीशिवाय खुर्चीवर बसू शकली नाही, आणि प्रत्येक वेळी बसताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

आता दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा तिनं मनाशी एकच गोष्ट पक्की केली. या वेळी कात्री उचलण्याआधी मला विचारायचं. मी हो म्हणेन नाहीतर नाही म्हणेन, ते माझं मी बघेन. पण विचारायचं.

दुसरीकडे जावं म्हटलं तर दुसरं हॉस्पिटल नव्वद मैलांवर, तेही मार्चच्या बर्फातून. अडला हरी, धरा हॉगेनचे पाय.

“तुझं आपलं काहीतरीच,” सासूबाई म्हणाल्या. आयलीच्या सासूचं नाव लव्हॉन. वय बहात्तर, चार मुलगे, आणि आवाज इतका मऊ की ती रागावली आहे हे कळायलाही घरच्यांना दोन दिवस लागत. “अर्धं गाव डॉक्टर हॉगेनच्या हातचं आहे. माझा वेंडेल त्यांनीच काढला, नवीन नवीन आले होते तेव्हा. त्यांना तू काय शिकवणार? मी चार बाळंतपणं काढली. मला कोणी काही विचारलं नाही. काही बिघडलं का माझं?”

सासूला उलट उत्तर देण्यापेक्षा मुकाट्यानं हवं ते करावं, ही रीतही याच गावची.

आठव्या महिन्यात नाव नोंदवायला बोलावणं आलं. काउंटरवर कॉरिन नावाची तरुण मुलगी होती. तिनं जन्मतारीख घेतली, ॲलर्जी विचारली, आणि काचेची ती पाटी पुढे सरकवली. पाटीवर एक रिकामी चौकट होती, बाकी काही नाही.

“इथे सही करा.”

“कशावर?”

“संमतीवर.”

“कसल्या संमतीवर?”

कॉरिननं पहिल्यांदाच मान वर केली. “आम्ही तुमची काळजी घ्यावी, याच्या.”

“ते कुठे लिहिलंय?”

“कॉम्प्युटरमध्ये आहे ना.”

“मग कॉम्प्युटर इकडे फिरवा.”

“तो फिरत नाही हो. स्क्रूनं बसवलाय.”

“मग छापून द्या.”

हॉस्पिटलच्या इतिहासात हे असं कोणी मागितलं नव्हतं. कॉरिननं वर फोन केला. वरच्यांनी त्याच्याही वर फोन केला. प्रिंटर सापडला तो सर्दी-तापाच्या लसी टोचायच्या खोलीत, आणि त्यात कागद नव्हता. मागे रांगेत चौघं उभे होते. त्यातली एक बाई गोड हसून म्हणाली, “सावकाश होऊ द्या, आम्हाला काही घाई नाही,” आणि हातातलं घड्याळ आयलीला दिसेल असं वळवलं. पाऊण तासानं अकरा पानं बाहेर आली.

आयलीनं ती तिथेच, पोट काउंटरला टेकवून, उभ्यानं वाचली. सहाव्या पानावर लिहिलं होतं: ‘डॉक्टरांना योग्य वाटतील ते नेहमीचे सर्व उपचार, योग्य वाटतील तेव्हा व तसे, करण्यास मी संमती देत आहे.’ नवव्या पानावर: ‘वरील सर्व मला समजावून सांगण्यात आले असून माझ्या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली आहेत.’

“हे मला कोण समजावून सांगणार?” आयलीनं विचारलं.

“तुम्ही सही केलीत ना,” कॉरिन म्हणाली, “की मग ते समजावून झालं असं होतं.”

तिच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. तिला तसंच शिकवलं होतं. आयलीनं पेन काढलं, सहाव्या पानावरच्या त्या वाक्यावर पट्टी धरून रेघ मारली, आणि शेजारी लिहिलं: ‘प्रत्येक वेळी आधी कारण सांगावे, विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.’ खाली स्वतःची आद्याक्षरं घातली आणि कागद पुढे ढकलला.

“आता तुमच्या बाजूनं कोणीतरी इथे आद्याक्षरं घाला.”

“मी?” कॉरिननं हात काउंटरखाली घेतले. “माझी नोकरी अजून पक्की नाहीये हो.”

मग त्या सहाव्या पानाची यात्रा सुरू झाली. ते हेडनर्सकडे गेलं, तिनं ते व्यवस्थापनाकडे धाडलं. व्यवस्थापनानं वकिलाला विचारलं. वकिलानं सल्ला दिला की आद्याक्षरं घालू नयेत, पण घालणार नाही असंही म्हणू नये. शेवटी ते पान जनेल नावाच्या बाईंच्या टेबलावर येऊन पडलं. जनेल या हॉस्पिटलच्या ‘रुग्ण-अनुभव संचालिका’ होत्या. रुग्णाला बरं करणं हे त्यांचं काम नव्हतं, बरं वाटलं असं त्याच्याकडून लिहून घेणं हे होतं. त्यांनी आयलीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी हवं का विचारलं, साधं की बुडबुड्यांचं तेही विचारलं.

“तुमचा आवाज आम्हाला फार मोलाचा आहे,” जनेल म्हणाल्या.

“मग आद्याक्षरं घाला.”

“तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्यात.”

“भावना नाही, कागद आहे तो. पान सहावं.”

जनेलनी सुस्कारा सोडला. “असं बघा, एकीला विचारलं की सगळ्यांना विचारावं लागेल.”

“बरं मग?”

“वेळ जाईल हो.”

“किती?”

जनेलनी टेबलावरचे दोन-चार कागद चाळले. “त्याचा अभ्यास झालेला नाही,” त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी टपालानं एक चकचकीत पुस्तिका घरी आली. ‘तुमचं बाळंतपण, तुमची निवड!’ चोवीस पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर दात दाखवणारी गरोदर बाई. खोलीत दिवा जांभळट हवा की केशरी? उशी मऊ की कडक? पार्श्वभूमीला समुद्राच्या लाटा, सरोवरावरच्या पक्ष्यांचे आवाज, की वीणा? कळांना ‘कळा’ म्हणावं की ‘लहरी’? जेली लिंबाची की संत्र्याची, आणि जेलीविषयी आणखी काही सांगायचं असल्यास खाली चार ओळी मोकळ्या. कात्रीचं नाव चोवीस पानांत कुठे नव्हतं. सलाइनची सुई नव्हती, पाणमोट फोडायचा हुकासारखा आकडा नव्हता, कळा वाढवायचं औषध नव्हतं. ते सगळं नेहमीचं. नेहमीच्या गोष्टीत निवड कसली?

“बघ, जेलीसुद्धा विचारतात!” लव्हॉन हरखून म्हणाली. “आमच्या वेळी मिळेल ती गिळायची. तुला अजून काय पाहिजे गं?”

आयलीनं शेवटच्या पानावरच्या ‘इतर’ चौकटीत तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि पुस्तिका परत धाडली.

राहता राहिला नवरा. वेंडेल लोखंडाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. तो भला माणूस होता आणि त्याच्याकडे एकूण तीन वाक्यं होती: ‘असं होय’, ‘बरं’ आणि ‘बघू’. बायकोचं म्हणणं त्याला मनापासून पटलं होतं, कारण त्याच्या खाणीतला पहिला नियमच तो होता. दगड फोडायचं यंत्र उघडलं, की जितकी माणसं त्याच्या पोटात शिरणार, तितकी प्रत्येकानं आपापलं कुलूप आणि आपल्या नावाची, फोटोची लाल चिठ्ठी बटणावर लावायची. ज्याची चिठ्ठी त्यानंच काढायची. ती लटकत असेपर्यंत खुद्द मालक आला तरी बटणाला हात लावायची त्याची टाप नाही.

“म्हणजे दगड फोडायच्या यंत्राला विचारूनच हात लावतात,” आयली म्हणाली, “आणि मला?”

“असं होय,” वेंडेल म्हणाला.

“मग आयत्या वेळी माझं तोंड बंद असलं तर तू बोलशील?”

वेंडेल बूट काढता काढता थांबला. “डॉक्टरांना?”

“नाही, जेलीला! डॉक्टरांनाच ना रे!”

“बघू,” वेंडेल म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तो खाणीतून एक कोरी लाल चिठ्ठी घेऊन आला. तिच्यावर त्यानं आयलीचा फोटो चिकटवला, खाली मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं. वर छापलेलं होतंच: ‘धोका. या व्यक्तीला विचारल्याशिवाय हात लावू नये.’ बोलायला न येणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हे केवढं भाषण होतं, ते आयलीला कळलं. तिनं त्याचा गालगुच्चा घेतला.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, ऑफिसात एका म्हाताऱ्या जोडप्याला सदतिसावं पान वाचायला लावत असताना तिच्या कळा सुरू झाल्या. सदतिसावं पान पुरं करूनच ती उठली. धाकट्या बहिणीकडे चार वर्षांचा पोरगा सोपवला, वेंडेल खाणीतून आला, आणि लव्हॉन मांडीवर लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन गाडीत मागे बसली. बाळंतिणीच्या खोलीत दोन माणसं चालतात, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आयलीची आई हयात नव्हती, म्हणून दुसरं माणूस लव्हॉन. तिला नको म्हणायचं कसं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

नर्स होती ट्रुडी, सव्वीस वर्षांची नोकरी झालेली, गुबगुबीत आणि कनवाळू. वेंडेलनं पलंगाच्या कठड्याला लाल चिठ्ठी अडकवली तेव्हा ती पोट धरून हसली. मग तिनं पुस्तिका काढली, कारण जनेलबाईंचा तसा हुकूम होता.

“आयली, दिवा जांभळट की केशरी?”

“कोणताही. आई गं!”

“या कळेला कळ म्हणू की लहर?”

“ट्रुडी, हिला मी शिवी देणार आहे!”

“शिवी चालेल. तशी चौकट नाहीये, पण चालेल.” ट्रुडीनं पुस्तिकेत खूण केली. “आणि जेली लिंबाची ना?” असं विचारता विचारता तिनं आयलीच्या मनगटावर थंडगार औषधाचा बोळा फिरवला आणि सुई हातात घेतली.

“हे काय?”

“सलाइनची सुई. नेहमीची.”

“कशाला?”

“पुढेमागे लागलीच तर असावी म्हणून.”

“मग लागेल तेव्हा बोलू या का?”

ट्रुडी सुई धरून उभी राहिली. सव्वीस वर्षांत हजारो मनगटांत तिनं ती खुपसली असेल, पण कशाला, हा प्रश्न तिला कोणी घातला नव्हता. “तुझं पहिलं बाळंतपण नीट झालंय, रक्तदाब छान आहे… तशी घाई नाही खरं तर,” ती हळूच म्हणाली, आणि सुई परत ठेवून दिली. मग दारातून बाहेर डोकावून आली. कोणी पाहिलं तर नाही ना!

एक वाजता डॉक्टर हॉगेन आले. सदुसष्ट वर्षांचा उंचनिंच, देखणा म्हातारा. हात इतके कुशल की त्यांच्यावर कोणाला रागावताही येऊ नये. लाल चिठ्ठी पाहून ते खूश झाले. “वेंडेल, खाणीतून आणलीस काय! झकास!” त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि हातमोजे चढवून लांब आकडा उचलला. “पाणमोट फोडून टाकू, पोरी. जरा गती येईल.”

“गती कशाला?”

ट्रुडीनं घड्याळाकडे पाहिलं. मंगळवारी चार वाजता कर्लिंगची लढत असते, आणि बर्फावरून दगड घसरवण्यात डॉक्टरांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, हे गावाला ठाऊक होतं.

“लवकर सुटशील ना,” डॉक्टर म्हणाले.

“आणि तोटा?”

“तोटा?” अडतीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस क्षणभर परीक्षेला बसल्यासारखा झाला. “तसा… कळा जास्त जोरानं येतात. जंतू शिरायचा थोडा धोका. क्वचित नाळ पुढे घसरते. पण क्वचितच बरं का.”

“बाळाला घाई करायचं काही कारण आहे का?”

“बाळाला… नाही.”

“मग थांबू या.”

“बरं, बरं. राणीसाहेबांची मर्जी,” म्हणत डॉक्टर हसत बाहेर गेले.

“किती ते प्रश्न!” लव्हॉन कोपऱ्यातून मऊ आवाजात म्हणाली. “बिचाऱ्यांना उगाच अवघडल्यासारखं झालं.” आणि तिनं डॉक्टरांच्या नावानं दोन वड्या बाजूला काढून ठेवल्या.

तोवर सगळं आयलीच्या मनासारखं चाललं होतं, कारण दोन कळांच्या मध्ये तिला बोलता येत होतं. पावणेतीनच्या सुमारास ते संपलं. आता कळेला कळ लागून येऊ लागली. तोंडातून आवाज निघत होता, पण त्याचे शब्द होत नव्हते. अकरा पानं कुठल्यातरी फायलीत होती, पुस्तिका टेबलावर होती, चिठ्ठी कठड्याला होती, आणि यातलं काहीही आता तिच्या वतीनं तोंड उघडणार नव्हतं. खरेदीखताच्या वेळी माणूस खुर्चीत बसलेला असतो, डोकं थंड असतं, हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं. चूक तिच्यासारख्या कागदवालीनंच करावी अशी होती.

डॉक्टर स्टुलावर बसले. डोकं दिसायला लागलं होतं. त्यांनी मागे न पाहता ट्रेकडे हात लांब केला, जसा चष्म्याकडे जातो तसा, आणि कात्री उचलली. आयलीला ती दिसली. तिनं वेंडेलकडे पाहिलं. असं पाहिलं की खाणीतल्या यंत्रालाही कळलं असतं.

वेंडेलनं चिठ्ठीकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, घसा खाकरला. “अं… डॉक्टर…”

“काय रे?”

वेंडेलच्या मानेवरची शीर टरारली. “काही नाही,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हॉगेन.”

खोलीतल्या कोणालाच प्रथम कळेना की हा आवाज कोणाचा. गावात कोणी त्यांना डॉक्टर लावल्याशिवाय हाक मारत नसे. लव्हॉन उभी राहिली होती. डबा मांडीवरून खाली पडला होता आणि वड्या फरशीभर झाल्या होत्या.

“तिला विचारा.”

“अहो लव्हॉन, हे नेहमीचं—”

“तिला विचारा म्हटलं ना.”

“या अवस्थेत ती काय सांगणार?”

“पहिल्या तिघांच्या वेळी माझे हात पट्ट्यानं बांधले होते, ते सोडा,” लव्हॉन म्हणाली. आवाज मऊच होता, फक्त थरथरत होता. “पण वेंडेलच्या वेळी बांधले नव्हते. तोंडही मोकळं होतं. आणि तुम्ही असेच, इथेच बसला होतात. विचारलं असतंत तर मी बोलले असते. विचारा तिला.”

यंत्रावर बाळाच्या हृदयाचे ठोके टकटक चालले होते, एकसारखे, खणखणीत. डॉक्टर हॉगेन कात्री हातात धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरात तीस वर्षं असलेल्या भिंतीला दार आहे असं कोणी सांगावं, तसे ते पाहत होते. मग ते जरा पुढे झुकले, आयलीच्या डोळ्यांत पाहता येईल इतके.

“आयली. डोकं आलंय. बाळाचे ठोके उत्तम आहेत. कापलं तर दोन मिनिटं वाचतील. नाही कापलं तर थोडं फाटेल, कदाचित नाहीही. कापू का?”

ट्रुडीची नजर सवयीनं घड्याळावर गेली. विचारायला सगळं मिळून बारा सेकंद लागले.

शब्द होत नव्हता, पण हा झाला. “नको.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले आणि कात्री खाली ठेवली.

ट्रुडीनं ऊन पाण्यात बुडवलेलं फडकं घेतलं. “आता जोर नको, बाई. फुंकर घाल, मेणबत्ती विझवल्यासारखी. शाब्बास. आणखी एक. शाब्बास माझी वाघीण.” तिसऱ्या कळेला मुलगी आली, काळ्याभोर केसांची, सगळ्यांवर भयंकर चिडलेली. थोडंसं फाटलं होतं. डॉक्टरांनी सुई घेतली, थांबले, आणि म्हणाले, “दोन टाके घालू का?”

“घाला,” आयली म्हणाली, आणि हसू लागली, आणि मग रडूही लागली.

चारच्या लढतीला डॉक्टर वेळेवर पोहोचले. उलट खेळाआधी बर्फ घासून घ्यायला त्यांना वीस मिनिटं जास्तीची मिळाली.

पाचच्या सुमारास जनेलबाई आल्या. त्यांच्या एका हातात फुलं होती आणि दुसऱ्या हातात एकतीस प्रश्नांची पाहणी. दिवा कसा वाटला, एक ते दहा. जेली कशी वाटली, एक ते दहा. शिवाय एक आनंदाची बातमीही त्यांनी आणली होती. समितीनं काल सायंकाळी सहाव्या पानावर आद्याक्षरं घालायला मंजुरी दिली होती. ‘हॉस्पिटलच्या धोरणास अधीन राहून’ असा शेरा मारून त्यांनी ती आत्ताच घातली होती. वरातीमागून का होईना, घोडं आलं होतं. आयलीनं ते पान हातात घेतलं, सवयीनं दोन्ही बाजूंची अक्षरं तपासली, आणि उशाशी ठेवून दिलं.

वेंडेल पोराला आणायला गेला होता. जाताना तो आयलीजवळ वाकून म्हणाला होता, “मी बोलायला हवं होतं,” आणि ती म्हणाली होती, “हो, हवं होतं.” दोघांनीही ते तिथेच ठेवलं. घरी गेल्यावर बोलण्यासारखं होतं ते.

आता खोलीत तिघीच उरल्या. लव्हॉन खिडकीशी नातीला घेऊन बसली होती. ट्रुडीनं फरशीवरच्या वड्या कधीच्या झाडून नेल्या होत्या. बाहेर पार्किंगमधले दिवे लागले. लव्हॉनची मान छातीवर झुकली होती, म्हणून आयलीला वाटलं की म्हातारीचा डोळा लागला.

“आयली.”

“काय, आई?”

“मघाशी त्यांनी विचारलं ना तुला…” लव्हॉन बाळाकडेच पाहत होती. “तेव्हा कसं वाटलं गं?”

टोमणा असेल म्हणून आयलीनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. चार मुलं झालेली, बहात्तर वर्षांची बाई तिला खरंच विचारत होती. आयली जरा सरकली आणि पलंगावर आपल्याशेजारी तिच्यासाठी जागा केली.

“नाही, मी आपलं सहज विचारलं,” लव्हॉन घाईघाईनं म्हणाली, आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण, जे नीटच होतं, ते पुन्हा नीट करू लागली.